मेंदूच्या धमन्यांची ठेवण आणि ॲन्युरिझम: फुगा ठरावीक जागीच का येतो?

वसुधा

गेल्या काही आठवड्यांत आरोग्याच्या धाग्यांवर मेंदूच्या एमआरआयचे रिपोर्ट बरेच आले. ‘उजवी ए-वन हायपोप्लास्टिक’, ‘फीटल टाइप पीसीए’, ‘सर्कल ऑफ विलिस इनकम्प्लीट’ असं काही वाचलं की माणसं घाबरून जातात. त्याच घरात वर्षानुवर्षं १६०-१७० वर असलेलं बीपी मात्र कोणाच्या गणतीत नसतं. म्हणून हा धागा काढते आहे: धमन्यांची ठेवण आणि ॲन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला येणारा फुगा, यांच्याबद्दल.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. विच्छेदनाच्या टेबलावर मेंदू उलटा ठेवला की तळाशी मधोमध, डोळ्यांच्या नसांची फुली असते तिच्याभोवती, धमन्यांचं एक कडं असतं, हेच सर्कल ऑफ विलिस. वरचा अरॅक्नॉइडचा पातळ पापुद्रा चिमट्याने सावकाश सोडवत गेलं की ते मोकळं होतं. पुढे दोन ॲन्टिरियर सेरेब्रल, त्यांचा पहिला तुकडा म्हणजे ए-वन. त्या दोघींना जोडणारी जेमतेम काही मिलिमीटर लांबीची ॲन्टिरियर कम्युनिकेटिंग, डॉक्टर लोक तिला ‘एकॉम’ म्हणतात. बाजूंना मानेतून वर येणाऱ्या दोन इंटर्नल कॅरोटिड. मागे बॅसिलर धमनी, तिच्या टोकाला फुटलेल्या दोन पोस्टेरियर सेरेब्रल, म्हणजे पीसीए. आणि पुढचं-मागचं जोडणाऱ्या दोन पोस्टेरियर कम्युनिकेटिंग, म्हणजे ‘पीकॉम’. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये या कड्याचं नीट वर्णन छापलं. त्यांच्या ग्रंथातली चित्रं ख्रिस्तोफर रेन यांनी काढली होती, ज्यांनी पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारलं ते हेच.

पुस्तकातलं कडं नेटकं असतं, दोन्ही बाजू सारख्या. टेबलावर तसं निघालं तर विद्यार्थी एकमेकांना बोलावून दाखवतात. एरवी डावी ए-वन चांगली भरलेली आणि उजवी एक मिलिमीटरसुद्धा नाही (‘हायपोप्लास्टिक’, म्हणजे पुरती न वाढलेली), हे नेहमीचं. कधी एका बाजूची पीकॉम इतकी जाड असते की पीसीएला रक्त बॅसिलरकडून न येता कॅरोटिडकडूनच येतं. गर्भात सुरुवातीला सगळ्यांचं तसंच असतं. नंतर बॅसिलर ते काम घेते. काहींत ती ते घेत नाही आणि जुनी व्यवस्था आयुष्यभर चालू राहते, हेच फीटल टाइप. अंदाजे १० ते ३० टक्के लोकांत ही ठेवण सापडते. अल्पर्स आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ३५० निरोगी मेंदू तपासले, तर पुस्तकासारखं कडं जेमतेम निम्म्यांत निघालं. इतरांनी निकष आणखी कडक लावले तेव्हा आकडा त्याहून बराच खाली गेला. म्हणजे ‘इनकम्प्लीट’ हा रोग नाही, निम्मी माणसं तशीच असतात.

आता फुग्याकडे येऊ. हातापायांच्या धमनीच्या भिंतीत लवचीक तंतूंचे दोन थर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. धमनी कवटीत शिरली की बाहेरचा थर जवळजवळ नाहीसा होतो, मधला स्नायूंचा थर पातळ होतो, बाहेरचं आवरणही विरळ होतं. इतरत्र धमनीला आजूबाजूच्या स्नायूंचा आणि चरबीचा टेकू असतो. इथे ती मेंदूभोवतीच्या पाण्यात मोकळी असते. म्हणून इथला फुगा फुटला तर रक्त थेट त्या पाण्यात पसरतं. त्यालाच सबअरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात.

भिंत सगळीकडे अशी पातळ असूनही फुगे वाटेल तिथे येत नाहीत. बहुतेक सगळे फाट्यांवर येतात. ८५ ते ९० टक्के कड्याच्या पुढच्या भागात असतात: एकॉम, पीकॉम कॅरोटिडमधून निघते ती जागा, आणि कॅरोटिडची मोठी फांदी मिडल सेरेब्रल जिथे दुभंगते ती जागा. मागच्या बाजूला सगळ्यांत नावाजलेलं ठिकाण म्हणजे बॅसिलरचं टोक.

माझं म्हणणं असं. धमन्यांची ठेवण फुगा *कुठे* येईल हे बऱ्यापैकी सांगते. येईल का, आणि आलाच तर फुटेल का, याचा मोठा वाटा बीपी, विडी-सिगारेट, वय आणि घराणं यांच्याकडे असतो. प्रौढांपैकी साधारण ३ टक्के लोकांत न फुटलेला फुगा असतो. त्यातले बहुतेक काहीही न होता आयुष्य काढतात. दोन्ही गोष्टी एकत्र धरून वाचल्या तरच रिपोर्टाचा अर्थ लागतो.

प्रवाही

वसुधाताई, फार गरजेचा धागा. मी डॉक्टर नाही, द्रवगतिकीत काम करतो, त्यामुळे फाट्यांच्या बाबतीत थोडी भर घालतो.

नळीचा व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून जाणारं द्रव निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे उजवी ए-वन डावीच्या निम्म्या व्यासाची असेल तर ती जवळपास बाद समजा. मग डाव्या ए-वनला दोन्ही बाजूंच्या कपाळामागच्या मेंदूला रक्त पुरवावं लागतं, आणि उजवीकडचा सगळा प्रवाह एकॉममधून आडवा जातो.

इथे एक फार सुंदर गोष्ट आहे. धमनीच्या आतल्या अस्तराला प्रवाहाची घासण कळते, आणि घासण वाढली की धमनी रुंद होते. घासण त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून प्रवाह दुप्पट झाला तरी त्रिज्या फक्त २६ टक्के वाढली की घासण पूर्वीइतकीच राहते. मरी यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या नियमातून हेच निघतं. डावी ए-वन ‘चांगली भरलेली’ दिसते ती त्यामुळेच. सरळ भागात तिने जुळवून घेतलेलं असतं.

जुळवून घेता येत नाही ते टोकावर. प्रवाह फाट्याच्या टोकावर थेट आदळतो, क्षणभर थांबतो आणि दोन्हीकडे जोरात निसटतो. आदळतो तिथे दाब, निसटतो तिथे एकदम चढत जाणारी घासण. पाटाचं पाणी दोन वाफ्यांत फुटतं तिथल्या मातीच्या टोकावर शेतकऱ्याचं लक्ष असतं, कारण बांध झिजायला तिथूनच सुरुवात होते. इथेही निसटण्याच्या पट्ट्यातच आतला लवचीक थर आधी तुटतो. फाट्याचा कोन जितका पसरट, तितका हा पट्टा मोठा. मिडल सेरेब्रल आणि बॅसिलरच्या टोकाचे फुगे असणाऱ्यांत हा कोन रुंद आढळतो, असं एकाहून अधिक गटांनी मोजून दाखवलं आहे.

पण एकदा पिशवी तयार झाली की गणित उलटं होतं. आत रक्त मंदावतं, गोल फिरत राहतं, घासण फार कमी होते. अशा जागी अस्तर आजारी पडतं, दाह सुरू होतो आणि भिंत आणखी पातळ होत जाते. फुगा सुरू होण्याचं कारण एक आणि वाढण्याचं कारण दुसरं असू शकतं, हे ध्यानात ठेवलं तर वाचताना गोंधळ होत नाही.

मुळशीकर

वाचतोय. पण एक शंका आहे. ठेवण जन्मापासूनची, मग फुग्याला जन्मजात दोष का म्हणू नये? आमच्या डॉक्टरांनी वडिलांना ‘जन्मापासूनच असणार’ असंच सांगितलं होतं.

वसुधा

पूर्वी बहुतेक जण तसंच मानत. फोर्बस यांनी १९३० मध्ये दाखवलं की फाट्याच्या टोकाशी स्नायूंच्या थरात जन्मतःच एक फट असते, आणि फुगा त्या फटीतून बाहेर येतो असं त्यांनी मांडलं. ते पटण्यासारखंही होतं. पण १९४० मध्ये ग्लिन यांनी निरोगी मेंदू तपासले आणि त्यांतही तशाच फटी तितक्याच प्रमाणात सापडल्या. नुसत्या फटीने फुगा होत असता तर तो जवळपास सगळ्यांनाच झाला असता.

दुसरा पुरावा वयाचा. लहान मुलांत हे फुगे अत्यंत विरळ. चाळिशीनंतर वाढत जातात, आणि पन्नाशीनंतर बायकांत पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसतात.

तिसरा पुरावा जपानमधला. हाशिमोतो आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये उंदरांवर केलेले प्रयोग. त्यांनी एका बाजूची कॅरोटिड बांधली, म्हणजे कड्यातला प्रवाह मुद्दाम असमान केला, बीपी वाढवलं, आणि भिंतीतले तंतू कमजोर करणारं द्रव्य खाऊ घातलं. उंदरांच्या मेंदूत फुगे तयार झाले, आणि तेही जिथे प्रवाह वाढला होता त्या फाट्यांवर. असमान ठेवण, दाब आणि कमजोर भिंत या तिन्हींची सांगड तिथे डोळ्यांनी दिसली. माणसातही एखाद्याची कॅरोटिड बांधावी लागली, तर काही वर्षांनी उलट बाजूने भार घेणाऱ्या एकॉमवर नवा फुगा आल्याची उदाहरणं आहेत.

तेव्हा वडिलांच्या बाबतीत म्हणायचं तर ठेवण जन्मापासूनची, फुगा नंतरचा.

अनुजा_ना

मी नेमकी याच काळजीत आहे म्हणून लिहिते. आईला चक्कर येत होती म्हणून नाशिकला एमआरआय आणि एमआरए (त्याच यंत्रावर काढलेलं धमन्यांचं चित्र) केलं. वय ६२, बीपीची गोळी चालू आहे पण मधूनमधून सोडते. चक्कर कानाची निघाली, औषधाने थांबली. रिपोर्टात मात्र तीन गोष्टी आल्या: उजवी ए-वन हायपोप्लास्टिक, एकॉमवर ३ मिमीचा ॲन्युरिझम, आणि डाव्या पीकॉमच्या मुळाशी २ मिमीचा फुगवटा, ‘ॲन्युरिझम की इन्फंडिब्युलम’. ती तेव्हापासून खाली वाकत नाही, देवाला नमस्कारसुद्धा उभ्यानेच करते. फुटेल या भीतीने रात्री झोपत नाही. काय समजायचं?

क्ष_किरण

अनुजाताई, मी रेडिओलॉजिस्ट आहे. आईंना न बघता उपचार सांगणार नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो.

आधी तिसरी गोष्ट, कारण ती बहुधा सगळ्यांत निरुपद्रवी आहे. पीकॉम कॅरोटिडमधून निघताना पुष्कळांत तिचं मूळ नरसाळ्यासारखं रुंद असतं. ३ मिमीपर्यंत, निमुळतं, आणि बरोबर टोकातून धमनी निघालेली, असं असेल तर ते इन्फंडिब्युलम, म्हणजे ठेवणीतलाच एक प्रकार. फुगा असेल तर धमनी त्याच्या टोकातून न निघता बाजूने निघते. एमआरएमध्ये एवढी बारीक धमनी अनेकदा दिसतच नाही, म्हणून रिपोर्टात ‘की’ येतं. सीटी अँजिओत, म्हणजे सीटीवर काढलेल्या धमन्यांच्या चित्रात, बहुतेक वेळा निकाल लागतो. तरी शंका राहिली तर डीएसए, म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी.

पहिल्या गोष्टीबद्दलही एक सांगतो. साधी एमआरए वाहत्या रक्ताचं चित्र काढते, भिंतीचं नाही. प्रवाह मंद असला की धमनी असते त्याहून बारीक दिसते, कधी नाहीशीच दिसते. त्यामुळे ‘ए-वन दिसत नाही’ म्हणजे ती नाहीच असं नव्हे. पण एकॉमवर फुगा आणि एक ए-वन बारीक ही जोडी आम्हाला वारंवार दिसते. सर्वसाधारण लोकांच्या मानाने एकॉमचा फुगा असणाऱ्यांत ती कितीतरी जास्त असते. बहुतेकदा बारीक असते ती उजवी. आईंच्या रिपोर्टात ही जोडी असणं म्हणजे दोन संकटं नव्हेत, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

आता खरी गोष्ट, ३ मिमीचा फुगा. यासाठी डॉक्टर ‘फेझेस’ नावाचं गुणांकन वापरतात. २०१४ मध्ये ८,३८२ रुग्णांच्या एकत्रित माहितीवरून ते तयार झालं. त्यात लोकसमूह, बीपी, वय, आकार, आधी दुसरा फुगा फुटला होता का आणि जागा, यांना गुण आहेत. या धाग्याच्या दृष्टीने जागेचे गुण बघा: कॅरोटिडला ०, मिडल सेरेब्रलला २, आणि एकॉम, पीकॉम किंवा मागच्या धमन्यांना ४. म्हणजे ठेवणीचं वजन बीपीच्या चौपट धरलं आहे, बीपीला १ गुण आहे. आईंचे गुण जागेचे ४ आणि बीपीचा १ मिळून ५ होतात. पाच वर्षांत फुटण्याची शक्यता १.३ टक्के, म्हणजे पाच वर्षांत न फुटण्याची शक्यता शंभरात जवळपास नव्व्याण्णव. ही माहिती अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या रुग्णांची आहे, भारतीय रुग्ण त्यात नाहीत, म्हणून आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

आणि ‘लहान आहे, विसरून जा’ असंही मी म्हणणार नाही. २००३ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुढच्या भागातले, आधी कधी रक्तस्राव न झालेल्यांचे ७ मिमीच्या आतले फुगे पाच वर्षांत फुटलेच नाहीत. पीकॉम आणि मागच्या भागातले तेवढेच फुगे २.५ टक्के फुटले. पण फुटून आमच्याकडे येणाऱ्यांत ५-६ मिमीचे एकॉमचे फुगे नेहमी असतात. आकार आणि जागा दोन्ही बघायच्या. आकारही नीट बघायचा: पिशवीला बाजूने आणखी एक छोटी पिशवी फुटली असेल तर धोका वाढतो.

वाकायला काही हरकत नाही. गोळी सोडायला आहे.

रंकाळा

वरचं सगळं वाचून मला राहवलं नाही, म्हणून काकूंचं लिहितो. कोल्हापूरच्या आहेत, वय तेव्हा ५५. एके दिवशी सकाळी त्यांची डावी पापणी खाली आली. बोटाने उचलून बघितलं तर डोळा बाहेरच्या बाजूला वळलेला, आणि बाहुली उजेडातही मोठीच. डोळ्यामागे दुखत होतं. जवळच्या एका डॉक्टरांनी मायग्रेन म्हणून गोळ्या दिल्या, चष्म्याचा नंबर तपासा म्हणाले.

चौथ्या दिवशी ताट वाढताना त्या ओरडल्या. ‘डोक्यात काहीतरी फुटलं’ एवढंच म्हणाल्या, उलटी झाली आणि मान ताठ. सीटीत रक्त दिसलं, पीकॉमचा फुगा होता. त्याच रात्री दुसऱ्या शहरात हलवलं, कॉइलिंग झालं, म्हणजे धमनीतून नळी नेऊन फुग्यात बारीक तार भरून तो बंद केला. नंतर एकवीस दिवस दर चार तासांनी निमोडिपिनची गोळी, रात्री दोन वाजता नर्स उठवून द्यायच्या. आज त्या घरचं सगळं बघतात, पापणी निम्मी वर आली आहे. पण ते चार दिवस आठवले की अजून त्रास होतो. पापणीवरून कळायला हवं होतं का?

वसुधा

हो. आणि हे या धाग्यावर येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मेंदूच्या खोडापासून निघणारी तिसरी नस पीसीए आणि तिच्या खालच्या सेरेबेलर धमनीच्या मधून बाहेर पडते आणि पीकॉमच्या अगदी कडेने पुढे जाते. टेबलावर मी विद्यार्थ्यांना चिमट्याचं टोक या दोघींच्या मधे घालून दाखवते. अंतर काही मिलिमीटरच असतं. पापणी उचलणं, डोळा आत-वर-खाली फिरवणं आणि बाहुली आक्रसणं ही या नसेची कामं. बाहुलीचे तंतू नसेच्या पृष्ठभागावर, वरच्या अंगाला असतात. पीकॉमचा फुगा बाहेरून दाबतो तेव्हा आधी तेच दबतात, म्हणून बाहुली मोठी होते. मधुमेहातही हीच नस लुळी पडते आणि पापणी पडते, पण तिथे आतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, वरचे तंतू बहुतेक वाचतात आणि बाहुली सहसा ठीक राहते. एवढ्या एका फरकावर जीव वाचू शकतो. नव्याने पडलेली पापणी आणि मोठी बाहुली असेल तर त्याच दिवशी, ओपीडीत नव्हे, इमर्जन्सीत जायचं आणि अँजिओ मागायची.

१९३७ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरला वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या फुग्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो तिथे, रक्त आत शिरू नये म्हणून पहिल्यांदा चांदीची क्लिप लावली. तो फुगाही इथलाच, कॅरोटिडवर पीकॉमच्या मुळाशी, आणि तो रुग्णही तिसरी नस लुळी पडल्यामुळेच आला होता.

दुसरं लक्षण काकूंना झालं तेच. काही सेकंदांत शिगेला जाणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. सीटी पहिल्या सहा तासांत केली तर रक्त जवळजवळ चुकत नाही. जसजसा वेळ जातो तसं ते दिसणं कमी होतं आणि पाठीतून पाणी काढून बघावं लागतं. म्हणून ‘झोपून बघू, सकाळी जाऊ’ नको.

तोक्योकर

इकडे जपानमध्ये ‘ब्रेन डॉक’ म्हणून तपासणी असते. काही त्रास नसताना हौसेने किंवा कंपनीच्या योजनेत मेंदूचा एमआरआय-एमआरए करून घेतात. माझा असाच सापडला, ४ मिमी, मिडल सेरेब्रलच्या फाट्यावर. इतक्या लोकांत असे फुगे सापडल्यामुळे इथे मोठा अभ्यास झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, ५,७२० माणसं आणि ६,६९७ फुगे. एकूण फुटण्याचं प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के. ३ ते ४ मिमीच्या फुग्यांचं वर्षाला ०.३६ टक्के, १० मिमीच्या पुढे ४ टक्क्यांच्याही वर. आणि मिडल सेरेब्रलच्या तुलनेत एकॉम आणि पीकॉमचे फुगे साधारण दुपटीने फुटले.

माझ्या डॉक्टरांनी चित्रावर दोन्ही बाजूंचे फाटे शेजारी ठेवून दाखवले. डावीकडचा फाटा चिंचोळा, उजवीकडचा जवळजवळ सरळ रेषेत पसरलेला, आणि फुगा उजवीकडे. प्रवाही यांनी लिहिलेलं वाचताना ते चित्र लगेच डोळ्यांपुढे आलं. सिगारेट तेव्हाच सोडली. दर वर्षी एमआरए होतं, आकार तेवढाच आहे.

प्रवाही

तोक्योकर, कोन खरंच रुंद असेल. एक सावधगिरी मात्र: फुगा वाढताना फाट्याच्या फांद्या बाजूला ढकलतो, त्यामुळे कोनाचा काही भाग परिणामही असू शकतो. दुसऱ्या बाजूच्या फाट्याशी तुलना करणं म्हणूनच महत्त्वाचं.

मुळशीकर

+१. वडिलांचा जुना रिपोर्ट काढून बघतो. फीटल पीसीएचा उल्लेख त्यात होता. त्याने उपचारात काही फरक पडतो का?

सूक्ष्मदर्शी

न्यूरोसर्जन आहे, या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं. फरक पडतो, आणि बराच पडतो.

साध्या ठेवणीत पीकॉम बारीक असते. तिच्या मुळाशी क्लिप लावताना तीच अडचणीत आली तर कधीकधी ती बंद करावी लागते. मागून बॅसिलरकडचं रक्त येत असल्याने रुग्ण निभावतो. तिच्यातून मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागाकडे जाणाऱ्या केसाएवढ्या फांद्या मात्र जपाव्याच लागतात. फीटल प्रकारात हा पर्याय नाहीच. पीकॉम बंद झाली तर डोक्याच्या मागचा, दृष्टीचा भाग रक्ताविना जातो. म्हणून ऑपरेशनच्या आधी चित्रात हे बघणं आमच्यासाठी पहिलं काम.

हल्ली फ्लो डायव्हर्टर नावाची बारीक विणीची जाळी कॅरोटिडमध्ये बसवतात, म्हणजे फुग्यात रक्त शिरणं कमी होतं आणि तो आपोआप गोठून बंद होतो. फीटल पीसीए फुग्याच्या मुळातून निघत असेल तर मागचा मेंदू तिच्यातून रक्त ओढतच राहतो, प्रवाह थांबत नाही आणि फुगा बंद व्हायला तयार नसतो. तिथे जाळी कमी उपयोगी पडते. अशा रुग्णांत क्लिप किंवा कॉइल जास्त सरस ठरते.

एकॉमच्या बाबतीतही ठेवण ऑपरेशन ठरवते. आम्ही सहसा ज्या बाजूची ए-वन जाड आहे त्या बाजूने जातो, कारण फुटलं तर रक्त आधी तिथेच थोपवता येतं. एकॉमच्या मागच्या अंगाने हायपोथॅलॅमस आणि स्मरणशक्तीच्या भागाकडे बारीक फांद्या जातात. त्या दुखावल्या तर माणूस चालता-बोलता बरा होतो, पण सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, आणि मधल्या जागा मनाने भरून सांगत राहतो. नातेवाइकांना वाटतं खोटं बोलतोय. तो खोटं बोलत नसतो, एवढं त्यांना आधीच सांगावं लागतं.

अनुजा_ना

सगळ्यांचे मनापासून आभार. क्ष_किरण यांनी सुचवल्याप्रमाणे सीटी अँजिओ झाली. डावीकडचं इन्फंडिब्युलमच निघालं, पीकॉम बरोबर टोकातून निघालेली दिसते. एकॉमचा ३ मिमीचा खरा आहे, कडा गुळगुळीत, बाजूला दुसरी पिशवी नाही. न्यूरोसर्जन म्हणाले आत्ता काही करायचं नाही. बीपी १३० च्या आसपास ठेवायचं, गोळी एकही दिवस चुकवायची नाही, सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी एमआरए. आईला तुमचं ‘वाकायला हरकत नाही’ वाचून दाखवलं, काल तिने खाली बसून पूजा केली.

आता प्रश्न भावाचा. तो ३८ वर्षांचा, दिवसाला आठ-दहा सिगारेट ओढतो, आणि म्हणतो माझा पण एमआरआय काढा. काढावा का?

क्ष_किरण

आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना किंवा अधिक जणांना फुगा असेल तर बाकीच्यांची तपासणी करायचा सल्ला देतात. घरात पॉलिसिस्टिक किडनीचा आजार असेल तरीही, कारण त्या रुग्णांत साधारण १० टक्के लोकांना फुगे असतात. तुमच्याकडे एकाच व्यक्तीला, तोही न फुटलेला आणि लहान. एवढ्यावरून भावाचं एमआरए करायची गरज नाही. आईंच्या भावंडांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी अचानक डोकं दुखून गेलं होतं का, हे मात्र विचारा. जुन्या पिढीत त्याची नोंद ‘ब्रेन हॅमरेज’ एवढीच असते. आणि किडनीच्या सोनोग्राफीचा कोणाचा रिपोर्ट असेल तर तोही बघा.

भावाने सिगारेट सोडावी आणि बीपी मोजून घ्यावं. ए-वन दोन्ही सारख्या निघाल्या तरी सिगारेटचा धोका कमी होत नाही.

अनुजा_ना

विचारलं. आईची मोठी बहीण ४९ व्या वर्षी अशीच गेली होती, नळावर पाणी भरताना डोकं धरून खाली बसली आणि दोन दिवसांत गेली. सीटी तेव्हा झालीच नव्हती.

सूक्ष्मदर्शी

मग चित्र बदललं. मावशींना हॅमरेजच झालं होतं हे आता सिद्ध करता येणार नाही, पण आईंच्या दृष्टीने ती सख्खी बहीण आहे. आईंच्या पुढच्या भेटीत हे न्यूरोसर्जनना सांगा. लहान फुग्याबद्दलचा निर्णय घेताना आम्ही हे धरतो, आणि पहिलं एमआरए सहा महिन्यांऐवजी आधी करायचं का तेही ते ठरवतील. आईंच्या हयात असलेल्या इतर भावंडांनी एकदा एमआरए करून घेणं योग्य. भावाचं त्यांच्याशी बोलून ठरवा. तो सिगारेट ओढतो हे त्यांना आवर्जून सांगा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, लागत नाही, साधं एमआरए पुरतं.